पाटी कुणी लावली होती?

ब्रूस लीचं पोस्टर आपल्या वस्तीतून कधी गेलंच नाही. बापाच्या पिढीने ते दाराच्या आतल्या बाजूला खळ लावून चिकटवलं होतं, आपण मोबाईलच्या काचेवर लावतो. समाजमंदिरातल्या कराटे क्लासात तो आहे, रिक्षाच्या मागच्या काचेवर आहे, सलूनच्या आरशाशेजारी आहे. उघडं अंग, बरगडी न् बरगडी मोजावी, छातीवर ओरखडे, नजर सरळ. ते पोस्टर काढा असं सांगायला मी हा लेख लिहीत नाही. ज्याला पिढ्यान् पिढ्या मान खाली घालून चालायला लावलं, त्याच्या पोराला भिंतीवर सरळ बघणारा माणूस हवा असेल तर त्यात कुणाच्या बापाचं काय जातं?

पण ज्याच्यावर जीव टाकायचा त्याला नीट बघायला काय हरकत आहे? गेल्या पावसाळ्यात जहाजं कमी होती, पाळ्या मिळत नव्हत्या, तेव्हा मी ‘फिस्ट ऑफ फ्युरी’ चार वेळा बघितला. १९७२ चा हाँगकाँगचा पिक्चर, दिग्दर्शक लो वेई. चारही वेळा त्या बागेच्या दारातल्या लाथेला अंगावर काटा आला. आणि एक प्रश्न डोक्यात अडकला तो निघेना. ती पाटी लावली कुणी होती?

आधी दुसऱ्या बाजूचा हिशोब उरकतो. सिनेमावर जाडजूड लिहिणारे जे लोक आहेत, त्यांना कुरोसावाच्या सामुराईची तलवार चालते. तिला ते कला म्हणतात. ब्रूस लीची लाथ म्हणजे मारामारी, पिटातल्या पोरांचा माल. तलवार सरदाराच्या कमरेला असते, लाथ कुणालाही मारता येते, एवढाच काय तो फरक. ह्यांना हिंसा नको असते ती खालून वर जाणारी. वरून खाली येणारी हिंसा ह्यांना दिसत नाही, कारण ती पाटीच्या रूपात असते आणि पाटीवर रक्त नसतं. तेव्हा त्यांच्या बाजूने मी उभा नाही. मला आपल्या पोरांशी बोलायचं आहे.

गोष्ट थोडक्यात. हुओ युआनजिया नावाचा खराखुरा चिनी कुस्तीगीर-उस्ताद होता. १९१० मध्ये शांघायमध्ये तो वारला. जिंगवू नावाची तालीम त्याच्याच नावाने उभी राहिली. जपान्यांनी त्याला विष दिलं अशी गोष्ट लोकांत पसरली. तिचा पक्का पुरावा कुणाकडे नाही. पिक्चर ती गोष्ट खरी धरतो. उस्तादाचा चेला छेन झेन परत येतो. हा मात्र बनवलेला माणूस, नी क्वांगच्या लेखणीतून आलेला. तो गुरूच्या कबरीवर पडून मातीत हात घालतो. पुढे शोकसभेत जपानी तालमीची माणसं एक पाटी घेऊन येतात: आशियातले आजारी लोक, म्हणजे तुम्ही. ती पाटी त्यांच्या वतीने आणून तोंडावर हसतो तो दुभाष्या, स्वतः चिनी. छेन झेन एकटा जपान्यांच्या तालमीत जातो, सगळ्यांना लोळवतो आणि पाटीवरचा कागद त्यांच्याच तोंडात कोंबतो.

मग बाग. दारावर पाटी: कुत्रे आणि चिनी यांना प्रवेश नाही. दाराशी फेटेवाला पहारेकरी. तो छेन झेनला अडवतो, पाटी दाखवतो. तेवढ्यात एक गोरी बाई कुत्रा घेऊन आत जाते. मग किमोनोतला एक जपानी म्हणतो, कुत्रा हो, मी तुला आत नेतो. पुढचं सगळ्यांना पाठ आहे. माणसं आडवी, आणि मग ती पाटी हवेत, आणि हवेतच तिचे तुकडे. पोलिसांची शिट्टी वाजते तेव्हा रस्त्यावरची गर्दी छेन झेनभोवती कडं करते आणि त्याला निसटवते. हा गर्दीचा भाग पोरं विसरतात. मला तो लाथेइतकाच आवडतो.

आता खरी बाग. शांघायच्या नदीकाठी, बंड म्हणतात त्या रस्त्याच्या टोकाला, १८६८ मध्ये पब्लिक गार्डन झालं. ती जमीन परदेशी वसाहतीची, कारभार म्युनिसिपल कौन्सिलचा. कौन्सिल कर भरणाऱ्या परदेशी लोकांनी निवडलेलं, आणि त्यात हुकूम चालायचा इंग्रजांचा. चिनी माणूसही कर भरायचा, पण त्याला कौन्सिलात खुर्ची नव्हती. पिक्चरमधली पाटी हुबेहूब तशी तिथे होती का यावर इतिहासवाले अजून भांडतात. पण १९१७ ची नियमावली भांडण्यासारखी नाही, ती छापील आहे. एक कलम: बाग परदेशी समाजासाठी राखीव. खाली दुसरं कलम: कुत्रे आणि सायकली आणू नयेत. म्हणजे इंग्रज किती सभ्य बघा. एका वाक्यात शिवी देत नाही, दोन कलमांत वाटून देतो. आणि आणखी एक कलम होतं, ते वाचून मी थांबलो. गोऱ्यांची पोरं सांभाळणाऱ्या आयांनी बँड वाजत असताना बाकांवर बसायचं नाही. साहेबाचं मूल कडेवर घेऊन तिने आत यावं, मुलाने बँड ऐकावा, तिने उभं राहावं. आपल्या आयाबायांना हे कलम समजावून सांगायला लागणार नाही. धुणंभांडी करायला घरात, चहा मात्र वेगळ्या कपात.

पाटी इंग्रजांची होती. मग पिक्चरमध्ये मार कोण खातं? जपानी.

जपान्यांची बाजू मला घ्यायची नाही. नानजिंगला १९३७ मध्ये त्यांनी जे केलं ते केलं. शांघायच्या कापड गिरण्यांत त्यांचे फोरमन काय होते ते पुढे येईलच. पण दार इंग्रजाचं, बाग इंग्रजाची, नियम इंग्रजाचा, आणि पिक्चरमध्ये इंग्रज जवळपास गायब. पोलिस अधिकारी आहे तोही चिनी, सहानुभूतीवाला, आणि तो रंगवलाय खुद्द दिग्दर्शकाने. का? पिक्चर कुठे निघाला ते बघा. १९७२ चं हाँगकाँग इंग्रजांच्या हातात होतं, आणि १९९७ पर्यंत राहिलं. पिक्चर दाखवायचा तर इंग्रज सरकारच्या सेन्सॉरमधून जावं लागे. पाचच वर्षांपूर्वी, १९६७ मध्ये, सान पो काँगच्या प्लास्टिक फुलांच्या कारखान्यात कामगारांचं भांडण पेटलं आणि त्याचा वणवा सगळ्या शहरात गेला. बॉम्ब, लाठ्या, गोळ्या, ५१ मेले. त्या शहरातला प्रेक्षक आतून धुमसत होता, ते धुमसणं विकलं जाणार होतं, फक्त त्याचं तोंड फिरवायला हवं होतं. ते फिरवलं. राग खरा होता, पत्ता बदलला. जपानी आता हाँगकाँगवर राज्य करत नव्हते, त्यांना लाथ मारायला परवानगी होती. पिक्चरने हाँगकाँगमधले गल्ल्याचे उच्चांक मोडले.

आणि गंमत अशी की तो बागेचा सीन शांघायला घेतलेलाच नाही. मकावला, कामोंइश बागेच्या दारात घेतलाय. मकाव तेव्हा पोर्तुगीजांचं. कामोंइश हा पोर्तुगीजांचा मोठा कवी, वास्को द गामा हिंदुस्थानात कसा आला त्याचं महाकाव्य लिहिणारा, स्वतः गोव्यात राहून गेलेला. म्हणजे एका साहेबाच्या पाटीला दुसऱ्या साहेबाच्या दारात लाथ मारली आणि दोघांनाही लागली नाही. मी कविता लिहितो, म्हणून सांगतो. एका ओळीत राग बसवणं सोपं असतं. त्या ओळीवर पत्ता लिहायला गेलं की हात थरथरतो.

आता तो फेटेवाला. पोरं त्याला बघतच नाहीत, त्यांची नजर पायावर असते. चौथ्या वेळी मी फक्त त्यालाच बघितलं. तो आपला माणूस आहे, हिंदुस्थानी. शांघायच्या म्युनिसिपल पोलिसात १८८४ पासून शीख भरले गेले. पंजाबात जमिनीचे तुकडे पडलेले, सावकार मानगुटीवर, म्हणून उंच धडधाकट पोरं बोटीत बसून चीनला गेली. गोऱ्या शिपायापेक्षा पगार कमी, दरारा जास्त. बँकेच्या दारात तेच, गोदामाच्या दारात तेच, रिक्षावाल्याच्या पाठीवर सोटा घालायला तेच. चिनी माणसाला इंग्रज क्वचित भेटायचा. त्याला भेटायचा हा लाल फेटा. शांघायच्या बोलीत त्याच्यासाठी एक खास शिवी होती, आणि ती शिवी साहेबाला नव्हती.

मला त्या शिखावर दात विचकायचे नाहीत. आपल्या गावात येसकर होता. वेशीचं दार रात्री लावायचं, पहाटे उघडायचं, गावावर पहारा करायचा, आणि त्याचं स्वतःचं घर त्याच वेशीच्या बाहेर. ज्या गावात पाय टाकताना अंग चोरायचं, त्याच गावाची राखण करायची. हे वतन होतं म्हणे, मान होता म्हणे. बाबासाहेबांनी महारवतनाच्या विरोधात बिल का आणलं हे ज्याला समजून घ्यायचं असेल त्याने त्या बागेच्या दारातल्या माणसाचे डोळे बघावेत. आज मी ज्या गोदामात माल उतरवतो तिथे गेटवर डबा उघडून तपासायला उभा असतो तो माझ्याच वस्तीतला पोरगा आहे. एजन्सीचा गणवेश, बारा तास उभा, महिन्याचा पगार दोन महिन्यांनी. तो माझी भाकरी उलटी करून बघतो आणि माझ्याकडे बघत नाही. ब्रूस ली त्या गेटवर आला तर पहिली लाथ कुणाला बसेल?

आणि ते सगळे शीख तसेच उभे राहिले असंही नाही. गदरवाल्यांची पत्रकं शांघायपर्यंत पोचत होती. बुद्धा सिंग नावाचा पोलिसातला बडा जमादार साहेबांचा खास विश्वासू होता, चळवळ्या शिखांवर नजर ठेवायचा. १९२७ मध्ये शांघायमध्येच त्याला एका शिखाने गोळी घातली. म्हणजे पहारेकऱ्याच्या फेट्याखालीही डोकं होतं. पिक्चरमध्ये त्याच्या हातात फक्त शिट्टी आहे.

आता आणखी खाली उतरतो, त्या दाराच्या पायात. शांघाय परदेशी माणसाला उघडं झालं कशामुळे? १८४२ च्या नानजिंग तहामुळे. त्याच तहात हाँगकाँग इंग्रजांनी घेतलं. तह झाला लढाईनंतर, आणि लढाई झाली अफूवरून. अफू आली कुठून? बंगालातून कलकत्त्याला, आणि माळव्यातून मुंबईला. आपल्या मुंबईच्या किनाऱ्यावरून पेट्याच्या पेट्या कॅन्टनला गेल्या. ज्यांच्या नावाच्या हॉस्पिटलात आपल्यातले अर्धे जन्मलेत, ते सर जमशेटजी जीजीभाई ह्या धंद्यात जार्डिनचे जोडीदार होते. ससून घराणं बगदादहून मुंबईला आलं, अफू आणि कापसात वाढलं. कुलाब्याच्या ससून डॉकला आज मासळी उतरते, पहाटे आपल्या बायका तिथे कोळंबी सोलायला जातात. ते डॉक १८७५ चं, त्यांचंच. आणि शांघायला, त्याच बागेपासून दहा मिनिटं चालत, नदीकाठी त्याच घराण्याने १९२९ मध्ये ससून हाऊस बांधलं. आजही उभं आहे.

अफूच्या त्या पेट्या मुंबईत बोटीवर कुणी चढवल्या असतील? व्यापाऱ्याचं नाव डॉकवर आहे, हॉस्पिटलवर आहे, पुतळ्यावर आहे. हमालाचं नाव कुठेच नाही, पण पाठ त्याचीच होती. पेटीत काय आहे हे त्याला माहीत असेल का? मला तरी कुठे माहीत असतं. मी क्रेनखाली उभा राहून स्लिंग अडकवतो, बोजा वर जातो. कागद मुकादमाकडे, मुकादमाचा कागद कंत्राटदाराकडे. म्हणून जेव्हा कुणी म्हणतं की शांघायच्या बागेचं आपल्याला काय, तेव्हा मला राग येतो. त्या दारात उभा माणूस इथला आणि दाराखालची अफू इथली. दूरचा पिक्चर आहे कुठे हा?

आता कामगार. शांघाय हे आशियातलं मोठं बंदर, गिरण्यांचं शहर. ‘फिस्ट ऑफ फ्युरी’त कामगार किती दिसतात? छेन झेन रिक्षावाला होतो, त्या दुभाष्याला बसवतो, रिक्षासकट उचलतो आणि मारतो. तो पेपर विकणारा म्हातारा होतो. टेलिफोन दुरुस्त करणारा होतो. बघा म्हणजे: कष्टकरी माणूस इथे सोंग आहे. कपडे घातले, काम झालं, कपडे उतरवले. खरा रिक्षावाला तो दिवसभर कुठे होता, त्याची रिक्षा मोडली तिचे पैसे कोण देणार, पिक्चरला देणंघेणं नाही. आपल्याकडे ‘दीवार’ आला १९७५ मध्ये. नायक गोदीतला हमाल, बिल्ला ७८६, हप्तेवाल्यांना ठोकतो, आम्ही टाळ्या पिटतो. आडनाव काय, तर वर्मा! आणि दोन रिळांत साहेबाने गोदी सोडली, सूट घातला. बिल्ला तेवढा खिशात राहिला.

मारामारीतसुद्धा हेच. शेवटी जपानी सरदार सुझुकी लाथ खाऊन हवेत फेकला जातो ना, तो सुझुकी नव्हेच. अठराच्या आसपासचा एक निनावी स्टंटवाला पोरगा होता तो. पुढे जॅकी चॅन म्हणून जगाला कळला. हाड कुणाचं मोडायचं हे तिथेही पगारपत्रकावरच ठरत होतं.

ब्रूस लीचा त्याच्या आधीचा पिक्चर, ‘द बिग बॉस’, १९७१ चा, थायलंडात पाक चाँगला काढलेला, तो निदान कारखान्यात तरी घडतो. बर्फाचा कारखाना. बर्फाच्या लाद्यांत गर्द लपवलेली. ज्यांना कळतं त्यांना मारून बर्फातच गाडतात. दोघं-चौघं बेपत्ता होतात तेव्हा कामगार काम थांबवतात. हो, चक्क संप! मालकाचे गुंड येतात, नायक आईला दिलेलं वचन मोडून हात उचलतो, गुंड पळतात. मग मालक काय करतो? त्याला फोरमन करतो. जेवण, दारू, बाई. बाकीचे कामगार त्याच्याकडे बघायला लागतात, आणि दुसऱ्या दिवशी संप संपलेला असतो. हा भाग इतका खरा आहे की बसल्या जागी घाम फुटतो. आमच्या टोळीत जो सगळ्यात मोठ्याने ओव्हरटाईमचं बोलायचा त्याच्या हातात दिवाळीच्या आधी मुकादमाची वही आली. तेव्हापासून तो खालच्या आवाजात बोलतो. पण ‘बिग बॉस’ तिथे थांबत नाही. थांबला तर गल्ला कसा भरेल? पुढे घरचे सगळे कापले जातात, नायक एकटा मालकाच्या वाड्यावर जातो, बोटं बरगडीत खुपसून त्याला मारतो आणि पोलिसांच्या स्वाधीन होतो. एक मालक मेला. कारखाना कुणाच्या नावावर गेला?

शांघायची पाटी खरोखर कशी उतरली ते आता सांगतो. मे १९२५. जपानी मालकाच्या कापड गिरणीत कु चेंग-हुंग नावाचा कामगार गोळी लागून मेला. ३० मे ला नानकिंग रोडवर विद्यार्थी आणि कामगार आले. इंग्रज इन्स्पेक्टरने हुकूम दिला, शीख आणि चिनी शिपायांनी गोळ्या झाडल्या. किमान नऊ मेले. बघा, गिरणी जपान्याची, हुकूम इंग्रजाचा, बंदूक आपल्या माणसाची आणि त्यांच्याही माणसाची. पिक्चरने जे तुकडे वेगळे केले ते सगळे ह्या एका रस्त्यावर एकत्र आहेत. त्यानंतर शांघाय बंद पडलं. गिरण्या, गोदी, दुकानं. परदेशी मालावर बहिष्कार. ह्याच लाटेतून, आणि दक्षिणेतून सैन्य चालून आल्यावर, साहेबांना जाग आली. १९२८ मध्ये कौन्सिलात चिनी माणसं घेतली. त्याच वर्षी बाग चिनी माणसाला तिकीट काढून उघडी झाली. अठ्ठावीसला! आपण चवदार तळ्यावर गेलो ते २० मार्च १९२७ ला. गुरंढोरं, कुत्री पाणी पीत होती, आपण पिऊ शकत नव्हतो. तिथेही एक उडी मारून काम झालं नाही. हजारो ओंजळी, मग डोक्यात काठ्या, मग कोर्टात दहा वर्षं. १९३७ मध्ये हायकोर्टाचा निकाल. ह्या दहा वर्षांचं पोस्टर निघत नाही, म्हणून पोरांना ती दहा वर्षं माहीत नाहीत.

आता ज्याने मिरच्या झोंबतील ते. ब्रूस ली स्वतः कोण? १९४० मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत जन्म, बाप कॅन्टनी ऑपेराचा नामवंत नट, अमेरिकेत दौऱ्यावर. आई हाँगकाँगच्या धनाढ्य हो घराण्यात वाढलेली, ज्या घराण्यातला रॉबर्ट हो तुंग जार्डिन मॅथेसन कंपनीचा बडा दलाल होता. म्हणजे तोच जार्डिन. पिक्चरमध्ये ज्या दुभाष्याला रिक्षातून उचलून आपटला, त्याच्या धंद्याची श्रीमंत शाखा. यात ब्रूस लीचा काय गुन्हा? काहीच नाही. पण पोरं त्याला झोपडीतून वर आलेला म्हणून सांगतात तेव्हा हे ठाऊक असू द्या.

आणि त्याच्या बाजूचं आहे ते ठणकावून सांगतो. सिएटलमध्ये त्याने विद्या शिकवायला घेतली तेव्हा पहिला शिष्य जेसी ग्लोव्हर, काळा माणूस, पोलिसाने ज्याचा जबडा फोडला होता. जातवाले कुरकुरले तरी त्याने दार बंद केलं नाही. विद्या कुणाला द्यायची यावर अंगठे कापणाऱ्या देशात ही गोष्ट लहान नाही. अमेरिकन टीव्हीने त्याला ‘ग्रीन हॉर्नेट’मध्ये गोऱ्या नायकाचा गाडी चालवणारा केला, तोंडावर मुखवटा. ‘कुंग फू’ ही मालिका १९७२ मध्ये आली तेव्हा चिनी विद्येच्या नायकाचं काम एका गोऱ्याला, डेव्हिड कॅरडाइनला दिलं. त्याच्या आधीच तो हाँगकाँगला परतला होता आणि दोन पिक्चरसाठी पंधरा हजार डॉलर घेतले होते. त्याच्यावरही पाटी होती. त्या लाथेत ती सगळी होती म्हणून ती खोटी वाटत नाही.

पण मग हॉलिवूडने बोलावलं. ‘एन्टर द ड्रॅगन’, १९७३. इंग्रज साहेब येतो आणि कामगिरी सांगतो. ब्रूस ली त्याच्यासाठी बेटावर हेरगिरीला जातो. वर्षभरापूर्वी इंग्रजाच्या बागेची पाटी फोडणारा पाय आता इंग्रजाच्या कामावर! बेटावर तिघं जातात: चिनी, गोरा आणि काळा. काळ्याचं नाव विल्यम्स, जिम केलीने केलेला. सुरुवातीलाच गोरे पोलिस त्याला विनाकारण अडवतात, तो त्यांना चोपतो आणि त्यांच्याच गाडीत बसून जातो. बेटाकडे जाताना पाण्यावरच्या झोपड्या बघून गरिबी ओळखतो तोही तोच. आणि मधल्यामध्ये मारला जातो तो कोण? तोच. गोरा शेवटपर्यंत जिवंत. पिक्चर प्रदर्शित व्हायच्या आधी, २० जुलै १९७३ ला, ब्रूस ली गेला. वय ३२. पुढे तो काय करणार होता यावर पैजा लावण्यात मला रस नाही.

‘फिस्ट ऑफ फ्युरी’चा शेवट आपल्या पोरांना सगळ्यात जास्त आवडतो, आणि माझं सगळ्यात मोठं भांडण तिथेच आहे. तालीम वाचावी म्हणून छेन झेन शरण जातो. दाराबाहेर बंदुकांची रांग. तो धावतो, झेप घेतो, चित्र हवेत थिजतं, गोळ्यांचे आवाज. थिएटर उभं राहतं. मला विचाराल तर निर्मात्याला ही झेप फार सोयीची होती. माणूस खाली पडत नाही, प्रेत उचलावं लागत नाही, आईला कळवावं लागत नाही, तालमीचं पुढे काय झालं ते दाखवावं लागत नाही. आपल्यातही हे थिजवणं चालू आहे. कुणी पोरगा गावगुंडांच्या हातून मरतो, आपण त्याचा फोटो झेपेत थिजवून बॅनरवर लावतो. त्याच्या केसच्या तारखेला कोर्टात किती जण असतात, मोजून या. मी मोजले आहेत. एका तारखेला पाच होतो, त्यात दोन घरचे.

थिजलेलं चित्र मी सोडवतो ते हाँगकाँगच्या एका पाटीने. जानेवारी १९२२ मध्ये तिथल्या खलाशांनी पगारवाढीसाठी संप केला. गोदीवाले त्यांच्या मागे गेले, मग स्वयंपाकी, नोकर, ट्रामवाले. इंग्रज सरकारने युनियन बेकायदा ठरवली आणि पोलिसांनी युनियनच्या कचेरीवरची पाटी उतरवून नेली. माणसं पायी कॅन्टनला निघाली, तर शाटिनजवळ त्यांच्यावर गोळ्या झाडल्या, काही मेले. तरी बंदर हललं नाही. मार्चमध्ये मालक वाकले, पगार पंधरापासून तीस टक्क्यांपर्यंत वाढला. आणि सरकारला ती पाटी परत आणून जागेवर लावावी लागली. ती लावताना बघायला रस्ता भरून माणसं उभी होती. तीन वर्षांनी, शांघायच्या गोळीबारानंतर, त्याच बंदरात पुन्हा संप झाला. दोन लाखांवर माणसं शहर सोडून गेली, बंदर सोळा महिने लुळं पडलं. ह्यातलं ब्रूस लीच्या एकाही पिक्चरमध्ये काही नाही. त्याच शहरात त्याने पिक्चर काढले, आणि ज्यांच्या पोरांनी तिकिटं काढली त्यांच्यातल्या कित्येकांचे आजे त्या रस्त्यावर उभे असतील.

पुढच्या महिन्यातल्या दुसऱ्या रविवारी संध्याकाळी सातला समाजमंदिरात ‘फिस्ट ऑफ फ्युरी’ दाखवतो आहोत. प्रोजेक्टर भाड्याचा, वर्गणी दहा रुपये, बेकार असाल तर नको. खुर्च्या नाहीत, सतरंज्या आहेत. मुलींनी यावं, कराटे क्लासातल्या सगळ्या येणार आहेत. बागेच्या सीनला मी पिक्चर थांबवणार आहे आणि फेटेवाल्यावर बोलणार आहे. लाथेच्या आधी थांबवला म्हणून ज्यांना राग येणार आहे त्यांनी पहिल्या रांगेत बसावं, म्हणजे भांडायला सोपं जाईल.